साधन कोणाच्या हाती? : विद्यार्थीकेंद्रित अध्ययन, तंत्रज्ञान आणि शिरूर-दौंड परिसरातील वर्गखोली

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाच्या चर्चेत दोन शब्द सातत्याने जोडीने येत राहिले आहेत. पहिला शब्द 'विद्यार्थीकेंद्रित अध्ययन' आणि दुसरा 'तंत्रज्ञान'. शासननिर्णय, प्रशिक्षणवर्ग, शिक्षण परिषदा आणि वृत्तपत्रांतील यशोगाथा यांतून हे दोन्ही शब्द जणू एकाच गोष्टीची दोन नावे असावीत अशा रीतीने वापरले जातात. शाळेत टॅब्लेट आले, भिंतीवर पडदा आला, पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापला गेला की वर्ग आपोआप विद्यार्थीकेंद्रित झाला, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती त्यामुळे बळावली आहे. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या तपासणीसाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन तालुके विशेष उपयुक्त ठरतात. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेने या विषयावरील चर्चेला राज्यव्यापी परिमाण दिले. दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्याच्या शंभर वर्षांहून अधिक आधी कृतीतून शिकण्याचा एक मोठा प्रयोग झाला होता. शिवाय एकीकडे रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आणि दुसरीकडे ऊस, गुऱ्हाळे व हंगामी मजुरी अशा दोन्ही प्रकारच्या अर्थव्यवस्था या परिसरात शेजारी शेजारी नांदतात. परिणामी वर्गखोलीतील बदलाचे यश आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही बाजू येथे एकत्र पाहता येतात.

संकल्पनेची उकल

विद्यार्थीकेंद्रित शिक्षणाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण नेले, तेव्हा परिसरातील वस्तू हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने या विचारास 'ज्ञानरचनावाद' या नावाने धोरणात्मक अधिष्ठान दिले व राज्य अभ्यासक्रम आराखडा 2010 मध्ये त्याचा पुरस्कार झाला. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये तर कृती, शोध आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्याद्वारे बालककेंद्री पद्धतीने शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजेच मुलाला केंद्रस्थानी ठेवणे ही आता शिक्षकाची वैयक्तिक आवड राहिलेली नसून कायद्याने मान्य केलेली अपेक्षा आहे.

मात्र 'केंद्र' या शब्दाचा अर्थ नेमका कोणता? वर्गात तीन गोष्टींची वाटणी होत असते : बोलण्याची, वेळेची आणि निर्णयाची. पारंपरिक वर्गात या तिन्ही गोष्टी शिक्षकाकडे असतात. ज्या वर्गात त्यांचा काही भाग खरोखर मुलांकडे जातो तो वर्ग विद्यार्थीकेंद्रित होय. बाकांची रचना, भिंतींचे रंग किंवा यंत्रांची संख्या ही त्याची बाह्य चिन्हे असू शकतात. त्याचे प्रमाण नव्हे.

तंत्रज्ञानाविषयीही हीच कसोटी लावावी लागेल. अमेरिकन शिक्षणेतिहासकार लॅरी क्यूबन यांनी 1986 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी यांच्या शालेय वापराचा आढावा घेतला. प्रत्येक साधन मोठ्या अपेक्षांसह वर्गात आले, परंतु वर्गाने त्या साधनाला आपल्या जुन्या चाकोरीत बसवून घेतले, असा त्यांचा एकंदर निष्कर्ष आहे. प्रक्षेपकावर दाखवलेला धडा हा मोठ्या अक्षरांतला फळाच असेल, तर बदल फक्त उजेडाचा झाला, अध्ययनाचा नव्हे. म्हणून साधन कोणते आहे यापेक्षा ते कोणाच्या हाती आहे आणि त्यातून मूल काय निर्माण करते, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो.

केडगाव : एक विस्मृत पूर्वपरंपरा

या प्रश्नाचे एक उत्तर दौंड तालुक्याच्या इतिहासातच सापडते. पंडिता रमाबाई 1886 साली अमेरिकेस गेल्या. तेथील वास्तव्यात त्यांनी फ्रोबेलप्रणीत बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. वस्तू हाताळत, खेळत आणि निरीक्षण करत शिकणे हे त्या पद्धतीचे सार होते. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले आणि 1896-97 च्या दुष्काळानंतर शेकडो निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्ती सदनात आश्रयास आल्या. रमाबाईंच्या कार्यावरून धर्मांतराच्या संदर्भात तीव्र वाद झाले. ते वाद सर्वश्रुत असून प्रस्तुत लेखाचा तो विषय नाही. येथे लक्षात घ्यावयाची बाब वेगळी आहे.

केडगाव येथे शिक्षण आणि उत्पादक काम यांची फारकत नव्हती. शेती, विणकाम आणि छपाई ही कामे आश्रमातील मुली व स्त्रिया शिकल्या. मुक्ती छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे त्यांच्या हातून होत असत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोयही तेथे झाली. छापखाना हे त्या काळातील प्रगत तंत्रज्ञान होते आणि समाजाने ज्यांना अक्षरापासूनही दूर ठेवले होते त्यांच्याच हाती ते सोपवले गेले. मुलगी छापलेला मजकूर केवळ वाचत नव्हती. ती तो मजकूर छापत होती. उपभोक्ता आणि कर्ता यांतील हा भेद शंभर वर्षांनंतरच्या टॅब्लेटयुक्त वर्गालाही तितकाच लागू पडतो.

वाबळेवाडीचा प्रयोग

शिरूर तालुक्यातील शिक्रापूरजवळची वाबळेवाडी ही एक लहान वस्ती. तेथील जिल्हा परिषद शाळाही 2012 पूर्वी मोजक्या पटाची, दोन खोल्यांची, सर्वसामान्य शाळा होती. दत्तात्रय वारे हे मुख्याध्यापक म्हणून तेथे आल्यानंतर पुढील दशकभरात या शाळेचे रूप पालटले. ग्रामस्थांनी शाळेसाठी जमीन दिली, लोकवर्गणी उभी राहिली, उद्योगसमूहाच्या सामाजिक दायित्व निधीतून काचेच्या भिंती असलेल्या व सौरऊर्जेवर चालणाऱ्या खोल्या उभ्या राहिल्या आणि मुलांच्या हाती टॅब्लेट आले. राज्यभरातून शिक्षक, अधिकारी व पालक ही शाळा पाहण्यासाठी येऊ लागले. प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागणे, ही जिल्हा परिषदेच्या शाळेबाबत दुर्मीळ असलेली गोष्ट येथे घडली.

भेट देणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरतात त्या काचेच्या खोल्या आणि टॅब्लेट. तथापि प्रयोगाचा कणा तेथे नाही. या पद्धतीतील महत्त्वाचा घटक म्हणजे 'विषयमित्र' ही व्यवस्था. एखादा विषय किंवा घटक ज्या मुलाला चांगला समजला आहे ते मूल इतरांना तो शिकवते. वयाची व इयत्तेची भिंत त्याच्या आड येत नाही. टॅब्लेट हे या गटाच्या हातातील एक साधन असते, गटाला पर्याय नसतो. व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने अधिक जाणत्या सोबत्याच्या मदतीने होणाऱ्या अध्ययनाचे जे महत्त्व सांगितले, त्याचेच हे ग्रामीण रूप म्हणता येईल. विशेष म्हणजे ही कल्पना सुबत्तेतून आलेली नाही. एक किंवा दोन शिक्षकांना चार-पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात, तेव्हा मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवणे ही महाराष्ट्रातील खेड्यांची जुनी गरज आहे. वाबळेवाडीने त्या गरजेला पद्धतीचे रूप दिले.

हा प्रयोग एका व्यक्तीच्या करिष्म्यावर उभा होता काय, अशी शंका घेतली जाते. तिचे अंशतः उत्तर पुढील घटनांतून मिळते. 2022 पासून वारे हे खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेत कार्यरत झाले. त्या वेळी त्या शाळेचा पट अवघा 3 होता. तेथेही विषयमित्र व लोकसहभाग यांच्या आधारे काम उभे राहिले, पट शंभराच्या पुढे गेला आणि 2025 मध्ये लंडनस्थित टी-फोर एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांतील लोकपसंतीचा पुरस्कार या शाळेस मिळाला. पद्धत एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते, एवढे यातून सिद्ध होते. मात्र ती त्याच व्यक्तीबरोबर गेली, हेही नजरेआड करता येत नाही. एखाद्या शाळेचे यश शिक्षकाच्या बदलीबरोबर स्थलांतरित होत असेल, तर ते व्यवस्थेचे यश ठरत नाही.

अनुकरणातील गफलत

यशस्वी प्रयोगाचे अनुकरण करताना दिसणारा भाग प्रथम उचलला जातो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ज्ञानरचनावादी वर्गांचे जे काम झाले त्याबाबत हेच घडले. तेथे मुले जमिनीवर बसून बिया, काड्या, गठ्ठे यांच्या साहाय्याने गणित शिकत आणि फरशीवरील आखणी हा त्या कृतीचा आधार असे. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासननिर्णयानंतर अशा कामास राज्यभर चालना मिळाली, हे स्वागतार्हच होते. परंतु पुष्कळ ठिकाणी फरशा रंगल्या आणि मुले त्या रंगीत फरशीवर बसून पूर्वीप्रमाणेच सामुदायिक पाढे म्हणत राहिली. पद्धतीचा सांगाडा आला, व्यवहार आला नाही.

वाबळेवाडीबाबत शासनाने याहून मोठे पाऊल उचलले. 2018 साली महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन करण्यात आले आणि वाबळेवाडीसह निवडक 13 शाळा त्याच्याशी जोडण्यात आल्या. हे मंडळ पुढे काही वर्षांतच गुंडाळले गेले. एका वस्तीतील मुलांनी आपापसांत शिकण्याच्या रीतीला 'आंतरराष्ट्रीय' ही पदवी लावली गेली, तेव्हा तिच्यातील सर्वांत अनुकरणीय भाग झाकला गेला. काचेची खोली सर्व गावांना परवडणारी नाही. विषयमित्र मात्र प्रत्येक गावाला परवडतो. धोरणाने जे महाग होते त्याचे कौतुक केले आणि जे फुकट होते ते प्रशिक्षणाच्या एखाद्या सत्रावर सोडून दिले.

याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या क्यूआर कोडच्या कल्पनेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. एका शाळेत सुरू झालेली ही कल्पना बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली आणि 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. येथे साधनाचा प्रसार खरोखर सार्वत्रिक झाला. तरीही प्रश्न उरतोच. कोड उघडण्यासाठी लागणारा फोन घरात कोणाच्या खिशात असतो?

पडदा आणि पट : दौंडचा प्रश्न

हा प्रश्न दौंड तालुक्यात अधिक टोकदार होतो. भीमेच्या काठचा हा ऊसपट्टा. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणी टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या कारखान्याच्या परिसरात किंवा शेतांच्या कडेला उभ्या राहतात आणि त्यांची मुले दिवाळीच्या सुमारास आपली शाळा सोडून निघतात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. एकेकाळी त्यांच्यासाठी साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायद्यानंतर अशा मुलांना जवळच्या नियमित शाळेत सामावून घेण्याची भूमिका पुढे आली आणि स्थलांतराची नोंद राहावी म्हणून शिक्षण हमी पत्रकाची तरतूद झाली. तत्त्वतः ही भूमिका योग्यच होती. व्यवहारात मात्र अर्ध्या वर्षासाठी येणाऱ्या मुलाचे नाव एका शाळेच्या पटावर आणि शरीर दुसऱ्या गावाच्या फडात, अशी स्थिती वारंवार उद्भवते.

अशा मुलाच्या दृष्टीने विद्यार्थीकेंद्रित वर्ग म्हणजे काय? ठरावीक तारखेला ठरावीक धडा पुढे सरकणाऱ्या वर्गात ते नेहमीच मागे पडणार. परंतु ज्या वर्गात प्रत्येक मूल आपापल्या टप्प्यावर शिकते आणि शेजारचे मूल त्याला हात देते, त्या वर्गात नोव्हेंबरात आलेल्या मुलालाही जागा असते. म्हणजेच वाबळेवाडीच्या पद्धतीची सर्वाधिक गरज ज्याला आहे तो विद्यार्थी प्रतीक्षायादीत नाव घालणाऱ्या पालकाचा नसून उसाच्या फडातला आहे. त्याच्यापर्यंत ही पद्धत पोहोचते की नाही, हीच तिची खरी परीक्षा होय.

2020-21 च्या टाळेबंदीने या विषमतेवर लख्ख प्रकाश टाकला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला मोबाईलवरून पाठवली आणि 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून प्रसारित झाली. हे प्रयत्न प्रामाणिक होते. तथापि एका घरात एकच फोन, तोही कामावर गेलेल्या वडिलांजवळ, अशी परिस्थिती असलेल्या घरांत अध्ययन खंडित झाले. आज चित्र काहीसे बदलले आहे. 'असर' 2024 च्या देशव्यापी ग्रामीण अहवालानुसार 14 ते 16 वयोगटातील 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. परंतु त्याच गटात आदल्या आठवड्यात शैक्षणिक कामासाठी तो वापरणारे सुमारे 57 टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे 76 टक्के होते. याच अहवालानुसार पाचवीतील निम्म्याहून थोडी कमी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. साधन हाती आले म्हणजे अध्ययन झाले, हे समीकरण या आकड्यांपुढे टिकत नाही.

कार्यालयाकडे तोंड केलेले तंत्रज्ञान

शाळेतील तंत्रज्ञानाचा आणखी एक चेहरा आहे आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते. 2015 पासून 'सरल' प्रणालीद्वारे विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरण्यास सुरुवात झाली. पुढे यू-डायस प्लस, शालेय पोषण आहाराची दैनंदिन नोंद, विविध उपक्रमांची छायाचित्रे व दुवे यांची त्यात भर पडत गेली. नोव्हेंबर 2016 मध्ये शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा विद्यार्थ्यांसह सेल्फी काढून प्रणालीवर चढवावी, असा आदेश निघाला होता. जानेवारी 2017 मध्ये तो स्थगित झाला. परंतु त्यामागील दृष्टी बोलकी होती. मुलाची उपस्थिती ही त्याच्या शिकण्याशी नव्हे तर त्याच्या छायाचित्राशी जोडली गेली.

द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरण्यात गुंतला, की उरलेल्या एकाकडे सर्व इयत्ता येतात. अशा वेळी वर्गाला शांत ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पडद्यावर चित्रफीत लावणे. शिक्षकाला मुलांसाठी मोकळा करण्याकरिता जे तंत्रज्ञान आणले तेच त्याला मुलांपासून दूर नेते आणि मग ती उणीव भरून काढण्यासाठी दुसरे तंत्रज्ञान वापरावे लागते. हा दोष शिक्षकाच्या वृत्तीचा नाही. त्याच्या वेळेवर कोणाचा अधिकार आहे, याचा हा प्रश्न आहे. शिक्षकालाच निर्णयाचे स्वातंत्र्य नसेल, तर त्याने ते मुलांना द्यावे ही अपेक्षा पोकळ ठरते.

लहान शाळा : उणीव की सामर्थ्य?

याच संदर्भात कमी पटाच्या शाळांचा प्रश्न निर्णायक महत्त्वाचा आहे. 2023 मध्ये राज्य शासनाने 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचा विचार पुढे आणला. अशा शाळांची संख्या 14 हजारांहून अधिक असल्याचे त्या वेळी समोर आले. या प्रस्तावामागील युक्तिवाद असा की, मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक, संगणक कक्ष, क्रीडांगण व ग्रंथालय देता येते. हा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. एकाकी शिक्षक आणि पाच मुले यांच्या शाळेत चैतन्य टिकवणे कठीण असते, हे मान्य करावे लागेल.

परंतु या युक्तिवादात साधनसंपन्नता आणि अध्ययनाची गुणवत्ता एकच मानली गेली आहे. वाबळेवाडी आणि जालिंदरनगर या दोन्ही शाळांचा आरंभ अत्यल्प पटापासून झाला. 2023 चा निकष त्यांच्या आरंभीच्या पटाला लावला असता, तर जालिंदरनगरची शाळा निश्चितच समूहशाळेच्या यादीत गेली असती. शिवाय वस्तीवरील मुलीला चार-पाच किलोमीटरवरील शाळेत जाण्याची वेळ आली तर तिच्या शिक्षणावर काय परिणाम होतो, हे ग्रामीण महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. दुसरीकडे रांजणगाव-सणसवाडी पट्ट्यात कामगारवस्तीमुळे शाळांवर नेमका उलट, म्हणजे वाढत्या आणि बदलत्या पटाचा ताण येतो. तेथे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा भिन्न प्रदेशांतून आलेली मुले एका वर्गात बसतात. एकाच तालुक्यातील या दोन टोकांना एकच नमुना लागू करणे अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे ठरेल. वस्तीवरील शाळेत बहुवर्ग अध्यापनाला पद्धतीचा दर्जा द्यावा लागेल, तर कामगारवस्तीतील शाळेत भाषेच्या आधारासाठी मनुष्यबळ द्यावे लागेल.

समारोप

शिरूर-दौंड परिसरातील हा आढावा काही गोष्टी स्पष्ट करतो. विद्यार्थीकेंद्रित वर्ग तंत्रज्ञानाशिवाय उभा राहू शकतो. केवळ तंत्रज्ञानाने मात्र तो उभा राहत नाही. जेथे दोहोंचा मेळ जमला तेथे मुलांमधील सहकार्य आणि गावाचा विश्वास आधी आला व यंत्र नंतर आले. क्रम उलटला की रंगीत फरशी आणि बंद पडलेला पडदा एवढेच हाती उरते.

यावरून धोरणासाठी काही दिशा सुचतात. शाळेच्या मूल्यांकनात साधनांची मोजदाद करण्याऐवजी त्या साधनांतून मुलांनी काय निर्माण केले, याची नोंद व्हावी. माहिती भरण्याचे काम शिक्षकाच्या वर्गवेळेतून वगळून केंद्रपातळीवर स्वतंत्र मनुष्यबळाकडे द्यावे. विषयमित्रासारखी बिनखर्ची पद्धत रुजवणाऱ्या शिक्षकांच्या गटाला एका शाळेत पुरेशी वर्षे स्थिर राहू द्यावे, जेणेकरून पद्धत व्यक्तीबरोबर निघून न जाता शाळेत राहील. कमी पटाची शाळा बंद करण्यापूर्वी तिला या पद्धतीने काम करण्याची संधी व मुदत मिळावी. आणि हंगामी स्थलांतरित मुलाचे शिक्षण हमी पत्रक हे केवळ प्रवेशाचे कागद न राहता, ते मूल कोणत्या टप्प्यावर शिकत होते हे सांगणारी नोंद व्हावी.

केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलींना 'विद्यार्थीकेंद्रित अध्ययन' हा शब्द ठाऊक नव्हता. पण अक्षराचे यंत्र त्यांच्या हाती होते. आज यंत्रे पुष्कळ आहेत. त्यांतील किती मुलांच्या हाती आहेत आणि किती केवळ त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, या निकषावर वर्गखोलीतील बदल मोजला गेला, तर वाबळेवाडीचा प्रयोग कोपीत राहणाऱ्या मुलापर्यंत पोहोचण्याची शक्यता निर्माण होईल.